चौघींचं तिकीट

आशियाई क्रीडास्पर्धांतलं भारतीय महिलांचं पहिलं सुवर्णपदक चौघींनी मिळून आणलं. मे १९५४, मनिला, ४ × १०० मीटर रिले. स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स, क्रिस्टीन ब्राउन आणि मेरी डिसूझा. वेळ ४९.५ सेकंद. तीनच वर्षांपूर्वी दिल्लीत याच शर्यतीत भारताला मागे टाकणाऱ्या जपानला या वेळी मागे राहावं लागलं. मनिलात भारताला एकूण पाच सुवर्णपदकं मिळाली आणि ती पाचही ॲथलेटिक्सची होती. त्यांतली चार पुरुषांनी वैयक्तिक प्रकारांत जिंकली, पाचवं या मुलींचं. त्यानंतर सत्तर वर्षं उलटून गेली. २०२३ च्या हांग्झूपर्यंतच्या एकाही आशियाई स्पर्धेत ४ × १०० मीटरचं सुवर्ण भारतीय महिलांना पुन्हा मिळालेलं नाही.

एवढी मोठी गोष्ट, पण चौघींची नावं एका दमात सांगणारा माणूस शोधावा लागतो. भारतीय मुलींच्या धावण्याचा इतिहास पी. टी. उषापासून सुरू करायचा, अशी आपली सवय आहे. उषाचं मोठेपण निर्विवाद. पण तिच्या जन्माच्या दहा वर्षं आधी ही शर्यत जिंकून झाली होती.

नावांकडे जरा बघा. डिसूझा, पीटर्स, ब्राउन. त्याआधी दिल्लीला धावलेल्या चमूत मिस्त्री, गझदर, मेंडोन्सा आणि पुन्हा डिसूझा. त्यात ना कुणी कुलकर्णी, ना जाधव, ना शिंदे. मेरी वांद्र्याची, स्टेफीचा जन्म गोव्याचा, पण ॲथलेटिक्समध्ये नाव झालं ते पुण्याची म्हणून. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर हे सगळं घडत होतं, पण मराठी घरांच्या उंबऱ्याबाहेर. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मिशनच्या शाळांत मुलींना खेळाचा तास होता आणि त्या तासाला गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालत असे. पारशी, गोवन, अँग्लो-इंडियन घरांत मुलीने मैदानावर पळणं ही चारचौघांत मिरवायची गोष्ट होती. आपल्याकडे मुली खो-खो खेळत, हुतूतू खेळत, पण परकराची किंवा साडीची लांबी आणि लग्नाचं वय या दोन रेषांच्या आत. शंभर मीटर धावायला पायात बळ लागतं हे खरं. त्याआधी घरातून ‘जा’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

या ‘जा’ म्हणणाऱ्या घरांचा एक पट्टा रेल्वेच्या कडेने पसरला होता. सोलापूर महामार्गावरच्या कुरकुंभहून आठ-दहा किलोमीटरवरचं दौंड त्याचं चांगलं उदाहरण. तेव्हाचं ‘धोंड’. १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला तेव्हापासून हे जंक्शन. इंजिनं, ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या वसाहती, चर्च, रेल्वेची इन्स्टिट्यूट. संध्याकाळी तिथे बॅडमिंटन, हॉकी, नाताळात नाच. अशा रेल्वे वसाहती मुंबईपासून खरगपूरपर्यंत होत्या. तिथे खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हता, नोकरीच्या आसपासची गोष्ट होती. रेल्वेने खेळाडूंसाठी स्वतंत्र मंडळ १९२८ सालीच उभारलं होतं. महिला खेळाडूला पगार देणारी संस्था म्हणून पुढे जे नाव पुन्हा पुन्हा येतं ते रेल्वेचंच, आणि हा काही योगायोग नाही.

ही गोष्ट पदकांची आहेच, पण माझ्या मते ती पैशांची अधिक आहे. धावणं हा जगातला सगळ्यात स्वस्त खेळ, असं आपण म्हणतो. अर्धंच खरं. धावणं स्वस्त आहे. धावायला जाणं महाग आहे. आणि रिलेसाठी तर एक नाही, चार तिकिटं लागतात.

हा हिशोब पुण्याला जुना होता. १९१९च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं बघून त्यांना ऑलिंपिकची कल्पना सुचली, आणि १९२० मध्ये अँटवर्पला सहा जणांचा चमू गेला. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. सदाशिव दातार होते, कैकाडी होते, नवले आणि शिंदे हे दोन पैलवान होते. टाटांनी त्यासाठी स्वतःच्या खिशात हात घातला. म्हणजे पहिल्याच वेळी नियम ठरून गेला: शर्यत जिंकणं तुमचं काम, भाडं कुणी श्रीमंत माणूस मनावर घेईल तर. १९२४ मध्ये नोरा पॉली पॅरिसला टेनिस खेळली, ते वगळलं तर पुढच्या ऑलिंपिकांत भारताकडून स्त्री म्हणून कुणी नव्हतं. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला चमू लंडनला गेला, त्यातही एकही नाही.

मग आली दिल्ली. मार्च १९५१, पहिली आशियाई स्पर्धा, अकरा देश. महिलांसाठी फक्त ॲथलेटिक्स. युद्धातल्या भूमिकेमुळे लंडन ऑलिंपिकचं आमंत्रण न मिळालेला जपान इथे आला होता, आणि त्याच्या मुलींनी महिलांची बहुतेक सुवर्णपदकं उचलली. तरी मुंबईची रोशन मिस्त्री शंभर मीटरमध्ये त्यांच्यात घुसली आणि दुसरी आली. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मेरी डिसूझाला दोनशे मीटरमध्ये कांस्य मिळालं. रिलेमध्ये रोशन, मेरी, बानू गझदर आणि पॅट मेंडोन्सा यांना रौप्य. पुरुषांच्या शंभर आणि दोनशे मीटरचं सुवर्ण लेव्ही पिंटोला, तोही मुंबईचाच. त्या आठवड्यात देशातला सगळा वेग जणू मुंबईनेच दिल्लीला पाठवला होता.

स्पर्धा दिल्लीत होती, हे विसरू नका. मुंबईहून दिल्लीला चार मुली नेणं म्हणजे आगगाडीचं भाडं. पुढच्या वर्षी ऑलिंपिक होतं, हेलसिंकीला.

हेलसिंकीला भारताकडून चार महिला गेल्या. दोन धावपटू, मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष. दोन जलतरणपटू, मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा. आरती अकरा वर्षांची होती. नीलिमा सतरा. मेरी एकवीस, म्हणजे त्या चमूत अनुभवी म्हणायची. निवड झाल्याचं कळलं, आणि त्यापाठोपाठ कळलं की खर्चाची सोय ज्याची त्याने बघायची. मेरीच्या मित्रमंडळींनी आणि शेजाऱ्यांनी नाचाचा कार्यक्रम ठेवला, पत्त्यांचे डाव लावले, तिकिटं खपवली. वांद्र्याच्या त्या गोतावळ्याला पैसे उभे करायची हीच रीत ठाऊक होती. चर्चच्या घंटेसाठी जे करायचं तेच ऑलिंपिकसाठी केलं.

याच वर्षी दीड-दोनशे मैल दक्षिणेला दुसरं घर पैसे जमवत होतं. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कहाणी महाराष्ट्राला पाठ आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मेरीची कहाणी कुणाला पाठ नाही, कारण ती पहिल्याच फेरीत बाद झाली. मला मात्र या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकीकडे कराडची आणि कोल्हापूरची माणसं, दुसरीकडे वांद्र्याची. एकीकडे गहाणखत, दुसरीकडे पत्त्यांचे डाव. दोन्हीकडे सरकारची जागा मोकळी. आणि दोघंही एकाच झेंड्याखाली उतरले.

शंभर मीटरची हीट आधी लागली ती नीलिमाची, म्हणून ऑलिंपिकमध्ये धावलेली पहिली भारतीय महिला ती. मेरी त्यानंतर काही हीट सोडून, त्याच दिवशी. दोघीही पहिल्या फेरीपलीकडे गेल्या नाहीत. यात नवल काही नाही. ज्या शर्यतीच्या हीटमध्ये मेरी पळाली, ती शर्यत ऑस्ट्रेलियाच्या मार्जरी जॅक्सनने ११.५ सेकंदांत जिंकली. हेलसिंकीच्या ट्रॅकवर पळायला मिळणं हाच भारताच्या मुलींसाठी त्या वर्षीचा सगळा व्यवहार होता.

आता गंमत बघा. दिल्लीत भारताचं रौप्य होतं रिलेचं. आशियात आपण ज्या प्रकारात सगळ्यात बरे, त्याच प्रकारात हेलसिंकीला उतरणं शक्य नव्हतं. धावायला दोघीच होत्या. आणखी दोन तिकिटं कुठून येणार?

आणि रिले ही नुसती चार वेगांची बेरीज नाही, म्हणून ती बेरीज करून बघायची संधी हुकणं जास्त लागतं. बॅटन म्हणजे फूटभर लांबीची, पन्नास ग्रॅमची पोकळ नळी. ती देण्याघेण्यासाठी त्या काळी फक्त वीस मीटरचा पट्टा असे. त्याआधी वेग घ्यायला दहा मीटर जास्तीचे मिळू लागले ते साठच्या दशकात. घेणारीने मागे न बघता पळत सुटायचं, हात मागे, तळवा उघडा, आणि देणारीने त्या पट्ट्यातच तो हात गाठायचा. खो-खो खेळलेल्या कुणालाही हे समजावावं लागत नाही: आधी उठलात तर फाउल, उशिरा उठलात तर गडी निसटला.

हे किती निर्दय असू शकतं ते जर्मनीच्या मुलींनी पाहिलं. १९३६, बर्लिन. हीटमध्ये त्यांनी ४६.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अंतिम शर्यतीत शेवटच्या बदलापर्यंत त्या अमेरिकेच्या कितीतरी पुढे होत्या. स्टेडियममध्ये हिटलर बसलेला. मारी डोलिंगरने बॅटन पुढे केली, इल्झे ड्योरफेल्टच्या हातात ती आली की नाही तोच खाली पडली. अमेरिकेने ४६.९ मध्ये सुवर्ण नेलं. जर्मनीच्या त्या दिवशीच्या वेगाला काहीही झालेलं नव्हतं. सोळा वर्षांनी हेलसिंकीत तोच खेळ ऑस्ट्रेलियावर उलटला: बॅटन हातात आली न आली तोच मार्जरी जॅक्सनचा हात सोबतिणीच्या गुडघ्यावर आपटला आणि ती सुटली, शंभर आणि दोनशे मीटरची विजेती रिलेत पाचवी. अमेरिका आणि जर्मनी दोघांची वेळ सारखीच, ४५.९, आणि सुवर्ण पुन्हा अमेरिकेचं. जर्मनीच्या मुलींचं रिलेशी काहीतरी वैर असावं असं त्या काळी कुणाच्याही मनात आलं असतं. पण बर्लिन असो की हेलसिंकी, त्यांच्याकडे चारजणी होत्या, सराव होता, मैदान होतं. हरायलासुद्धा चार तिकिटं लागतात.

मनिलाला भारताकडे ती चार तिकिटं होती. दिल्लीच्या चमूतली फक्त मेरी उरली होती. बाकीच्या तिघी नव्या. स्टेफी अजून अठरा वर्षांचीही नव्हती. अशा चमूला सरावाला किती वेळ मिळत असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. संघ देशभरातून जमायचे, काही दिवस एकत्र पळायचे आणि निघायचे. वेगाच्या हिशोबात युरोप-अमेरिकेच्या साडेतीन सेकंदांहून जास्त मागे असलेल्या या ४९.५ ला त्या दिवशी आशियात तोड नव्हती. बॅटन तीनदा बदलली आणि तिन्ही वेळा हातातच राहिली. सुवर्ण मिळवायला एवढं पुरलं.

मनिलाच्या त्या पाच सुवर्णांतलं आणखी एक सरवण सिंगचं, ११० मीटर अडथळ्यांचं. हा सैन्यातला माणूस निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं टॅक्सी चालवून पोट भरत होता, आणि त्याने पदकही विकलं, हे वाचलं की पुरुषांचं सगळं सोपं होतं असं म्हणवत नाही. फरक इतकाच, की सैन्य आणि पोलीस ही दोन दारं पुरुष खेळाडूला उघडी होती. खाशाबाही १९५५ मध्ये पोलिसांत उपनिरीक्षक झाले. मुलींना यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी उरली रेल्वे. मेरी आणि स्टेफी दोघी रेल्वेकडून खेळल्या, आणि दोघी धावण्याइतक्याच हॉकीतही पुढे होत्या. दोन खेळांत भारताकडून उतरलेली पहिली महिला म्हणून मेरीचा उल्लेख होतो. मला यात हौसेपेक्षा काटकसर जास्त दिसते. एका मुलीच्या पगारात दोन संघ उभे राहत होते.

पुढचा रस्ता खडबडीत. १९५६च्या मेलबर्नला भारताने एकच महिला पाठवली, मेरी लीला राव. मनिलात सुवर्ण जिंकलेला रिले संघ घरीच. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत रिलेला कांस्य मिळालं आणि स्टेफीने दोनशे मीटरमध्ये रौप्य पटकावलं. १९६० च्या रोमला एकही महिला नाही. म्हणजे स्टेफीच्या ऐन भराच्या वर्षांत दोन ऑलिंपिक तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. १९६३ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ती पोहोचली तेव्हा चारशे मीटर धावत होती, वय सत्तावीस, आणि हीटमध्येच थांबली. शंभर-दोनशेची मुलगी चारशेला का गेली असेल याचं एक साधं उत्तर असं, की वय वाढलं की स्फोटक वेग आधी कमी होतो, दम नंतर. तिला जेव्हा पाठवायला हवं होतं तेव्हा पाठवलं नाही. पाठवलं तेव्हा तिच्या पायांत जे उरलं होतं ते घेऊन ती गेली. १९९८ मध्ये जमशेदपूरला तिचं निधन झालं.

ऑलिंपिकच्या ट्रॅकवर भारतीय महिलांचा रिले संघ उतरायला १९८४ उजाडलं. हेलसिंकीनंतर बत्तीस वर्षं. अँटवर्प ते हेलसिंकी हे अंतरही बत्तीस वर्षांचंच. आपल्याकडे एक पायरी चढायला साधारण एवढा काळ जातो की काय कोण जाणे. लॉस एंजेलिसला वल्सम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि उषा ४ × ४०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि ३ मिनिटं ३२.४९ सेकंदांच्या आशियाई विक्रमासह सातव्या आल्या. तिथून भारताचा कल ठरला: लांब रिले. २००२ ते २०१८ या काळात आशियाई स्पर्धेतल्या ४ × ४०० मीटरचं सुवर्ण सलग पाच वेळा भारतीय महिलांनी जिंकलं. छोट्या रिलेला लागणारं बॅटनचं बारीक काम, वर्षभर एकत्र राहणं, हजारदा तोच बदलाचा पट्टा पळणं, हे शिबिराशिवाय होत नाही. लांब रिलेत चार दमदार मुली असल्या की बदलातली थोडी ढिलाई खपून जाते. म्हणून १९५४ चं ते सुवर्ण अजून एकटंच आहे. हांग्झूत २०२३ मध्ये लांब रिलेत रौप्य मिळालं, ३ मिनिटं २७.८५ सेकंद. त्या चौघींत मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. तिचे वडील भाजी विकायचे. डिसूझा-मिस्त्रींच्या मुंबईतून धावणं आता या घरापर्यंत आलं आहे.

मेरी डिसूझा-सिक्वेरा यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली. वयाची ब्याऐंशी वर्षं झाली होती. मनिलाला एकोणसाठ.

कुरकुंभमध्ये एमआयडीसीच्या रस्त्यांवर आणि सोलापूर महामार्गाच्या कडेला पहाटे पळणाऱ्या मुली आता सर्रास दिसतात. फिरंगाईच्या देवळाकडून येणाऱ्या, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून सायकलवर येऊन मग पळणाऱ्या. ऑलिंपिकशी यांचा संबंध नाही, पोलीस भरतीशी आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे वर्दी ही इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर वाढलेली गोष्ट, आणि महिलांना तीस टक्के आरक्षण आल्यापासून पोरींच्याही. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. आठशे मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. रेल्वेने सत्तर वर्षांपूर्वी दोन-चार मुलींसाठी जे दार किलकिलं केलं होतं, त्यातून आता हजारो शिरताहेत, आणि त्यांत शिंदे, जाधव, गायकवाड सगळ्या आहेत. घड्याळ घेऊन उभा असतो तो भाऊ किंवा अकादमीचा सर. शंभर मीटरला सेकंदाचा एक काटा पुढे-मागे झाला की गुण बदलतो, आणि गुण बदलला की यादीतलं नाव. त्यासाठी पुण्याला मैदानावर जायचं भाडं घरचे आधीच बाजूला काढून ठेवतात.